ऑपरेशन कुणाचं?



"ऑपरेशन झालं का गं?" हा प्रश्न आपण एकमेकींना किती सहज विचारतो. हळदीकुंकवाला, नळावर, दवाखान्याच्या रांगेत. कसलं ऑपरेशन, हे सांगावं लागत नाही. आणि कुणाचं, हे तर नाहीच नाही. अपेंडिक्सचं असलं तर तसं नाव घेऊन सांगतात. नुसतं 'ऑपरेशन' म्हटलं की ते पाळणा थांबवायचं, आणि ते बाईचं. नवऱ्याचं झालं असेल तर कुणी कानात सांगतं, नाहीतर सांगतच नाही.

सरकारनं २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी ४९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. म्हणजे जवळपास निम्म्या. नवऱ्याचं ऑपरेशन झालंय असं सांगणाऱ्या किती? हजारात चार. सगळ्या देशाचा आकडा बघितला तर हजारात तीन.

हे असंच असायचं, बाईच्याच वाट्याला यायचं, असं आपण धरून चालतो. पण तुमच्या गावात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांना विचारा. त्यांच्या तरुणपणी ऑपरेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पुरुष यायचा. १९६७-६८ या एका वर्षात आपल्या देशात पाळणा थांबवायची जेवढी ऑपरेशनं झाली, त्यांतली दहातली जवळपास नऊ पुरुषांची होती. मुंबईत तर रेल्वे स्टेशनांवर पुरुष नसबंदीची केंद्रं उघडली होती. कामावरून सुटलेला माणूस गाडी पकडायच्या आधी नसबंदी करून घेऊ शकत होता.

मग हे पारडं फिरलं कसं? ती गोष्ट आज सांगते. जरा मागून सुरू करावी लागेल.

आपल्या मराठी मुलखात संततिनियमनाचं बोलणं पहिल्यांदा चारचौघांत आणलं ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवलं. नोकरी गेली. अश्लील लिहितात म्हणून कोर्टात खेचले गेले, दंड भरला. एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. ही माणसं तुम्हाला ठाऊक आहेत. पण त्यांच्या घरातली एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. रघुनाथराव आणि मालतीबाई या दोघांनी मूल नको असं ठरवलं, आणि ऑपरेशन स्वतः रघुनाथरावांनी करून घेतलं. मालतीबाई नोकरी करून घर चालवत होत्या. मराठीत हा विषय ज्यानं आणला त्यानं पहिलं टेबलावर स्वतःला ठेवलं, हे मला त्यांच्या सगळ्या लिखाणापेक्षा मोठं वाटतं.

१९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यांचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मूल कुणी पत्करलं नसतं, अशा अर्थाचा मुद्दा त्यात होता. ठराव नामंजूर झाला.

त्याच्या तीन वर्षं आधी, डिसेंबर १९३५ मध्ये, मार्गारेट सँगर नावाच्या अमेरिकी बाई वर्ध्याला गांधीजींना भेटायला आल्या होत्या. त्या मूळच्या नर्स. गरीब वस्तीत बाळंतपणांनी पिचलेल्या बायका त्यांनी जवळून बघितलेल्या. बाईला साधनं मिळाली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींना साधनं मान्य नव्हती. संयम पाळावा, आणि बाईनं नवऱ्याला 'नको' म्हणायला शिकावं, असं त्यांचं म्हणणं. आता बघा, बाईला 'नको' म्हणायचा हक्क आहे हे त्या काळात एवढ्या मोठ्या माणसानं म्हणणं ही काही लहान गोष्ट नव्हती. पण ज्या घरात बाईला जेवायलासुद्धा सगळ्यांच्या शेवटी बसावं लागतं, तिथं रात्री 'नको' म्हणायची ताकद तिनं आणायची कुठून? आणि म्हटलंच, तर ऐकायचं कुणी? दोन दिवस बोलणं झालं आणि दोघं आपापल्या मतावर राहिले.

स्वातंत्र्य मिळालं. १९५२ साली पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. असा कार्यक्रम काढणारा आपला देश जगात पहिला. आरोग्यमंत्री होत्या राजकुमारी अमृत कौर, गांधीजींच्या शिष्या. त्यांना साधनं नको होती, म्हणून सुरुवात झाली ती दिवस मोजण्यापासून. बायकांना मण्यांच्या माळा दिल्या. धोक्याच्या दिवसांचे मणी एका रंगाचे, बिनधोक दिवसांचे दुसऱ्या रंगाचे. रोज एक मणी सरकवायचा. माळ हातात बाईच्या. मणी धोक्याचा असला तरी त्या रात्री थांबायचं की नाही, हे ठरवायचं दुसऱ्यानं. ही माळ कशी चालणार होती? नाहीच चालली.

मग १९६५ साली लूप आला. आज आपण जिला तांबी म्हणतो तिची ही आधीची बहीण. प्लॅस्टिकची, नागमोडी, तांबं नसलेली. सरकारला वाटलं, आता प्रश्न सुटला. बाईला एकदा बसवून दिलं की झालं. जिल्ह्याजिल्ह्याला आकडे ठरवून दिले, शिबिरं लावली, भराभरा बसवले. पण ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला पाळीत जास्त जायला लागलं तर तिनं जायचं कुणाकडं? बसवणारी डॉक्टरीण शिबिर आटोपून निघून गेलेली. बायकांनी एकमेकींना सांगितलं, आणि दोन वर्षांत बायका यायच्या बंद झाल्या. अधिकारी म्हणायचे, अफवा पसरल्यात. काही अफवा होत्याही. पण अंगावर जाणाऱ्या बाईनं शेजारणीला सांगितलं तर तिला अफवा म्हणत नाहीत.

त्यावेळी सरकार वळलं ते पुरुषांकडं. याला कारण साधं होतं. पुरुषाची बीज वाहून नेणारी नळी कातडीच्या अगदी खाली असते. पोट उघडावं लागत नाही, तेवढ्या जागेपुरती भूल द्यायची, पंधरा-वीस मिनिटांचं काम, माणूस चालत घरी. बाईच्या नळ्या पोटात असतात. तिथं पोटात शिरावंच लागतं, त्यामुळे धोका जास्त आणि विश्रांतीही जास्त लागते. तेव्हा दुर्बिणीचं ऑपरेशन आपल्याकडे पसरलेलं नव्हतं. बाईला दवाखान्यात कितीतरी दिवस पडून राहावं लागायचं. एवढे पलंग होते कुठं?

केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात जुलै १९७१ मध्ये एका महिन्याच्या शिबिरात साठ हजारांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्या जवळपास सगळ्या पुरुषांच्या. पैसे मिळायचे, कपडे मिळायचे, धान्य मिळायचं. पुरुष शहाणे झाले म्हणून आले, असं मी म्हणणार नाही. त्यांतले कितीतरी रोजंदारीवरचे होते, त्या दिवसाच्या पैशांसाठी आलेले. हे गरिबाच्या अडचणीवर चाललेलं काम होतं आणि त्याचं कौतुक करायचं मला काही कारण नाही. पण एक मात्र त्यातून दिसतं. पुरुष ऑपरेशन करून घेतच नाहीत, त्यांच्या स्वभावातच ते नाही, असं जे आज छातीठोकपणे सांगितलं जातं, ते तेव्हा कुणी म्हणत नव्हतं.

मग आली आणीबाणी. एप्रिल १९७६ मध्ये केंद्र सरकारनं लोकसंख्या धोरण जाहीर केलं आणि सक्तीचा कायदा करायची मुभा राज्यांना दिली. तसा कायदा विधिमंडळात मंजूर करणारं राज्य कुठलं? आपलं महाराष्ट्र. तीन मुलं झाल्यावर नसबंदी सक्तीची, असं ते विधेयक होतं. राष्ट्रपतींची सही त्याच्यावर झाली नाही म्हणून ते लागू झालं नाही. पण सक्तीला कायद्याची वाट बघावी लागली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत जानेवारी १९७६ मध्येच शिबिराचा आकडा भरायला रस्त्यावरून माणसं गाडीत घालून नेली होती. मास्तरांचे पगार अडले, रेशनकार्डं अडली. उत्तरेत गावं वेढून माणसं नेली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यांतल्या ६२ लाख पुरुषांच्या. कोण होते हे पुरुष? गरीब, दलित, मुसलमान, झोपडपट्टीतले, ज्यांच्या मागे कुणी उभं राहणार नाही असे. पुढे शहा आयोगानं चौकशी केली तेव्हा नसबंदीशी जोडलेल्या १,७७४ मृत्यूंची नोंद झाली. लग्न न झालेल्यांचीही नसबंदी केल्याच्या ५४८ तक्रारी आल्या.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि सरकार पडलं. त्या पडण्यात नसबंदीच्या संतापाचा वाटा मोठा होता, हे सगळेच मानतात.

इथं गोष्ट वळते. पुढच्या एका वर्षात नसबंद्या ८२ लाखांवरून साडेनऊ लाखांच्या आसपास आल्या. खात्याचं नाव बदललं, 'कुटुंब नियोजन' होतं त्याचं 'कुटुंब कल्याण' झालं. सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी एक धडा घेतला. तो धडा 'कुणावर सक्ती करू नये' असा असता तर बरं झालं असतं. त्यांनी घेतलेला धडा होता, 'पुरुषाला हात लावू नये.' कारण पुरुष चिडला की सरकार पडतं. खात्याचे आकडे तर भरायचेच होते. मग ते भरले बायकांनी. दरम्यान दुर्बिणीचं ऑपरेशन आलं. पोटावर बारीकशी चीर, त्याच दिवशी घरी. शिबिरात एका दिवसात कितीतरी बायका. १९९० पर्यंत दहा ऑपरेशनांतली नऊ बायकांची झाली होती. वीस-बावीस वर्षांत दहातली नऊ या बाजूची त्या बाजूला गेली.

आणि बायका गप्प राहिल्या असं आपण म्हणतो, तेही नीट बघायला पाहिजे. बाईला पाळणा थांबवायचा होताच. तिला दुसरं काही देऊ केलंय कुणी? गोळ्या केंद्रात असतील तर असतील, निरोध नवऱ्याच्या मर्जीवर, आणि तांबीची भीती बसलेली. एक ऑपरेशन केलं की रोजची काळजी गेली, सासूचं बोलणं गेलं, दर महिन्याला पाळीची तारीख मोजत बसणं गेलं. तिनं सुटका म्हणून ते पत्करलं. तिच्यासमोर एकच दार उघडं ठेवलं होतं आणि ती त्यातून गेली. पुढे खातं म्हणायला लागलं, बायकांची पसंती ऑपरेशनलाच आहे.

शिबिरांचं पुढे काय झालं ते ऐका. ७ जानेवारी २०१२ ला बिहारच्या अररिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात, शाळेच्या इमारतीत, एका डॉक्टरनं दोन तासांत ५३ बायकांची ऑपरेशनं केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरांनंतर १३ बायका दगावल्या. तरण्याताठ्या, लेकुरवाळ्या बायका. देविका बिस्वास या कार्यकर्तीनं बिहारच्या शिबिरावरून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा. आकड्यांची सक्ती सरकारनं कागदावर १९९६ सालीच उठवली होती, हे लक्षात घ्या. आणि बायका मेल्या म्हणून कुठलं सरकार पडलं का? मला तरी आठवत नाही.

आता आपल्या घराकडं येऊ. हे ऑपरेशन कुठल्या वयात होतं? साधारण पंचविशीत. मघाच्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या विशीतल्या बायकांपैकी, म्हणजे २० ते २४ वयाच्या, दर शंभरांत २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सतराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी पहिलं, एकविसाव्या वर्षी दुसरं, तेविसाव्या वर्षी ऑपरेशन. दोन बाळंतपणांत अंतर ठेवायला कुणी काही शिकवलं नाही, अंगात रक्त भरायला वेळ मिळाला नाही. तिच्या बरोबरीच्या शिकलेल्या मुलीचं तेव्हा कॉलेजच संपत असतं. आणि मूल कधी, किती, कितव्या वर्षी, यातलं एक तरी तिनं ठरवलेलं असतं का?

मुलगा झाला का, यावर तर सगळंच अडतं. दोन मुलींवर ऑपरेशन केलेली बाई भेटली की आपणच म्हणतो, "धाडसाची आहे गं." कुटुंब लहान ठेवायचं आणि त्यात मुलगा तर हवाच, या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा काय झालं ते जनगणनेत दिसतं. महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. मुंबईतल्या महिला संघटनांनी आंदोलन केलं म्हणून गर्भलिंग तपासणीवर देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्यात झाला. कायदा आधी आला, आणि तरी मुली कमी होत गेल्या.

अजून एक गोष्ट, जी आपल्या गटांतल्या बायकांना थेट लागते. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. नियम बाई आणि पुरुष दोघांना सारखाच. वरून बघितलं तर न्यायाचा. पण तिसरं मूल हवं हा निर्णय जिनं घेतलाच नव्हता, मुलासाठी जिला तिसऱ्यांदा बाळंतपणाला बसवलं, तिचीही उमेदवारी त्याच नियमानं जाते. पन्नास टक्के जागा आपल्याला मिळाल्या, आणि त्या जागेवर बसायची पात्रता मात्र अशा गोष्टीवर ठरते, जी घरात आपल्या हातात नव्हती. मोठी कुटुंबं असावीत असं माझं म्हणणं नाही. शिक्षा कुणाला लागते, एवढंच मी बघतेय.

कायद्याच्या दोन गोष्टी सांगून ठेवते, वहीत टिपून घ्या. पहिली, तुमच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही. सरकारी नियमांत तशी अट नाही. नवऱ्याच्या ऑपरेशनलाही तुमची सही लागत नाही. दुसरी, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला कायद्यात बसणारा गर्भपात करून घ्यायचा असेल तर संमती फक्त तिची लागते. हा कायदा १९७१ चा आहे. प्रत्यक्षात कागद पुढे करून "मालकांना बोलवा" म्हणतात, हे तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा विचारायचं, कुठल्या नियमानं?

पुरुषांचं ऑपरेशन आता बिनटाक्याचं होतं. बारीकसं छिद्र, टाका नाही. त्यानंतर साधारण तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणी करून घ्यायची, एवढं पथ्य. अशक्तपणा येतो, जड काम होत नाही, पुरुषपण जातं, हे सगळं चुकीचं आहे. एक-दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड उचलायचं नाही, मग नांगर धरायला मोकळा. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा रोज पाण्याचे हंडे वाहणाऱ्या बाईला पोटाच्या ऑपरेशनानंतर एवढी तरी विश्रांती मिळते का, हे तुम्हीच सांगा. पुरुषांना ही भीती आहे ती कुठून आली, तेही समजून घेतलं पाहिजे. तिच्यात आणीबाणीची आठवण आहे. गाडीत कोंबून नेलेल्या माणसांची ती गोष्ट घराघरात सांगितली गेली, आणि पुढच्या पिढीपर्यंत येताना तिच्यातली सक्ती गळाली, राहिली ती नुसती ऑपरेशनची भीती.

दर वर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर सरकार पुरुष नसबंदी पंधरवडा पाळतं. भिंतीवर कागद लागतात, आशाताईंना सांगतात, गावातले पुरुष बघा. आशाताई घरी येते. घरधनी ओट्यावरच बसलेला असतो. तिनं काही बोलायच्या आत तो दाराकडं तोंड करून हाक मारतो, "अगं ए, तुझ्याकडं आल्यात."